"५० लाखांचा अब्रुनुकसानीचा दावा लावा" म्हणून गेलो होतो: एका वकील मॅडमचा रिव्ह्यू, ४ स्टार

आधीच सांगतो, नाव-पत्ता टाकणार नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, मी मॅडमना विचारलं रिव्ह्यू टाकू का, तर म्हटल्या माझं नाव नको, फोटो नको, बाकी तुमचा अनुभव तुम्ही लिहा की. समोरच्या पार्टीचं नावपण टाकत नाही, का ते पुढं वाचलं की कळंल.

माझं चपलांचं दुकान आहे, महाद्वार रोडपासनं चालत पाच मिनिटं, तात्यांनी म्हणजे वडिलांनी सुरू केलेलं. २०२५ च्या जूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या नात्यातल्या माणसानं फेसबुकवर आमच्या दुकानाच्या बोर्डाचा फोटो टाकला, गल्ल्यावर बसलेला मीपण त्यात दिसतोय, आणि वर लिहिलं की हा माणूस रेक्झिनच्या चपला चामड्याच्या म्हणून गळ्यात मारतो, तीन पिढ्यांचा फसवा धंदा आहे, कोल्हापूरचं नाव खराब करतोय. तीन पिढ्या कुठनं काढल्या देव जाणे, दुसरीच चाललीय. दोन दिवसात ते आमच्या पेठेच्या, तालमीच्या, पोराच्या शाळेच्या, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मला स्वतःला ते सात जणांनी पाठवलं, प्रत्येकानं खाली "हे तुझंच दुकान ना रे" असं लिहून.

तात्यांचं वय ७८. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे ते बंद झाले. जेवताना एकदाच म्हणाले, "चामड्याचा वास हाताला लागून जन्म गेला आणि आता रेक्झिन म्हणत्यात." तेव्हाच डोक्यात गेलं, म्हटलं ह्याला कोर्टात खेचायचाच. मित्रमंडळी पण अशी, एक म्हणतोय १० लाख माग, दुसरा म्हणतोय ५० माग, तिसऱ्यानं कोटीवर नेलं, चहाचं बिल मात्र मीच दिलं.

पण सीझन, गणपती, असं करत करत सप्टेंबर उजाडला. मॅडमचं ऑफिस सीपीआर हॉस्पिटलच्या जवळ, जुन्या कोर्टाच्या बाजूला. तिथं आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, १८ ऑगस्ट २०२५ पासनं कामकाज सुरू, चाळीस वर्षांपेक्षा जास्त मागणी चालली होती ती एकदाची पुरी झाली, आनंद आहेच, पण पार्किंगची पार वाट. सहा जिल्ह्यांचे पक्षकार येतात तिथं. मी गाडी दसरा चौकाच्या पुढं लावली आणि चालत गेलो, तुम्हीपण तेच करा.

ऑफिस जुनं, दोन खोल्या, जिना अरुंद, तात्यांना न्यायचं म्हटलं तर जमलं नसतं. साडेपाचची वेळ दिली होती, आत घेतलं सात वाजता. एक स्टार तिथंच गेला. पहिल्या भेटीची फी १५०० रुपये, ती बाहेर बसलेल्या ज्युनिअरनं आधीच सांगितली आणि पावती दिली.

मी फाईलच घेऊन गेलो होतो, कलर प्रिंट काढून, स्क्रीनशॉट, कमेंटी, मला आलेले मेसेज, सगळं पिवळ्या हायलायटरनं रंगवून. म्हटलं मॅडम शब्द बघा, फसवा म्हटलंय, तीन पिढ्यांचा म्हटलंय, ह्याच्यापेक्षा वाईट काय लिहायचं राहिलं. त्यांनी फाईल न उघडताच विचारलं, "दादा, शब्द वाईट आहेत ते मला दिसतंय. कुणी वाचलं, कुणाचं मत बदललं, आणि मत बदलून त्यानं काय केलं, ते सांगा." मी गप्प. मग म्हटलं, तात्या कट्ट्यावर जायचे बंद झाले. त्या म्हटल्या ते वाईटच झालं, भरपाई किती ह्याचा विचार करताना कोर्ट मनस्ताप बघतं, पण तुमच्या घरातलं दुःख आणि लोकांच्या नजरेतली तुमची किंमत ह्या दोन वेगळ्या गोष्टी. अब्रू म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यात तुमच्याबद्दल जे आहे ते, त्यामुळं पुरावापण दुसऱ्यांच्याच डोक्यातनं काढावा लागतो.

खरं सांगू, पैसे तिथंच वसूल झाले. बाकीचं सगळं ह्याच एका वाक्याचं काम होतं.

मग फाईल उघडली आणि छाटणी सुरू केली. त्या माणसानं मला पर्सनल मेसेज केलेला, लई घाणेरडा, मी तो सगळ्यात वर लावलेला. मॅडमनी तो पहिल्यांदा बाहेर काढला. म्हटल्या हा फक्त तुम्हाला आलाय, तिसऱ्यानं वाचलेला नाही, ह्यानं राग येतो, बदनामी होत नाही. मग स्क्रीनशॉट. हे कुणाच्या मोबाईलवरनं काढले? म्हटलं काही माझ्या, काही मेव्हण्याच्या, काही कुणीतरी पाठवलेले. "कुणीतरी" ह्या शब्दावर त्यांनी पेन ठेवला. मोबाईल-कॉम्प्युटरमधला पुरावा प्रिंट काढून द्यायचा तर सोबत ज्याच्या मोबाईलमधनं काढला त्याचं सर्टिफिकेट लागतं, आधी ते एव्हिडन्स ॲक्टच्या ६५ब मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. आणि ते लागतंच हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला पक्कं केलं ते आपल्याच महाराष्ट्रातल्या केसमध्ये, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल, जालन्याच्या निवडणुकीची. तिथं व्हिडिओ होता, इथं चप्पल, नियम एकच. म्हणजे माझ्या ३० पानांतली कामाची निघाली ९.

आता मेन गंमत. मॅडम म्हटल्या धंद्याचं नुकसान दाखवायचं तर आकडे लागतील, गेल्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा गल्ला काढा, जीएसटीचे रिटर्न आणा. मी दुसऱ्या भेटीला आणले. आणि आकडा वाढलेला!! तुम्हाला आठवत असंल, त्याच जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, मग बोंबाबोंब झाल्यावर भारतातल्या कारागिरीवरनं घेतलं असं कबूल केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात बघायला आली. जग सगळं कोल्हापुरी कोल्हापुरी करायला लागलं आणि माझ्या दुकानात महालक्ष्मीला आलेले पर्यटक दोन-दोन जोड घेऊन जायला लागले. म्हणजे एकीकडं एकानं बदनामी केली आणि दुसरीकडं इटलीवाल्यांनी फुकटात जाहिरात केली, दोन्ही एकाच महिन्यात. आता कोर्टात उभं राहून "माझं नुकसान झालं हो" म्हणायचं आणि समोरच्या वकिलानं माझाच रिटर्न काढून दाखवायचा. मला तर घामच फुटला.

दुसरा वकील असता तर म्हणाला असता हे कागद नका दाखवू. मॅडम म्हटल्या गल्ला एक आहे पण गिऱ्हाईक दोन प्रकारचं आहे ना, वेगळं करा. पर्यटकानं ती पोस्ट कुठनं वाचलेली असणार. ज्यांनी वाचली ते गावातले, त्यांची नोंद कुठं असते? म्हटलं ऑर्डरीच्या वहीत. लग्नाच्या ऑर्डरी आम्ही वहीत लिहितो, नवऱ्याचं माप, चपलेचे कान कसे, वेणी किती पदरी, गोंडा पायजे का नको, ॲडव्हान्स किती. रात्री दोन वाजेपर्यंत मी आणि बायको वही घेऊन बसलो. २०२४ ला जून ते सप्टेंबर गावातल्या लग्नाच्या २३ ऑर्डरी, २०२५ ला ९. आणि ॲडव्हान्स देऊन रद्द केलेल्या ५, आधी वर्षाला एखादी असायची. गल्ल्यात न दिसलेलं वहीत दिसलं. बायको म्हणाली एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ही वही नीट वाचली आपण.

तरी मॅडमचं समाधान नाही. लग्नं कमी होती का यंदा? शेजारी नवं दुकान झालं का? भाव वाढवला का? (वाढवला होता, चामडंच महागलं, काय करू.) आकडा पडला म्हणजे पोस्टमुळंच पडला असं होत नाही, मधला दुवा माणूस असतो, असा माणूस आणा जो म्हणंल मी ते वाचलं, मला खरं वाटलं, म्हणून ऑर्डर काढून घेतली.

आणि इथं माझी जी जिरली ती सांगण्यासारखी आहे. मी साक्षीदारांची यादी घेऊन गेलेलो, १४ नावं, तालमीचे अध्यक्ष, शेजारचा सराफ, माझे मास्तर, सगळी वजनदार माणसं. मॅडमनी विचारलं ही काय सांगतील? म्हटलं सांगतील की हा माणूस एक नंबर प्रामाणिक, आमचा त्या पोस्टवर तसूभर विश्वास बसला नाही. त्या हसल्या. म्हटल्या दादा, मग तुमची अब्रू गेली कुठं? ही १४ माणसं समोरच्याच्याच कामाची आहेत. तुमचं नाव आधी चांगलं होतं एवढं सांगायला त्यातले दोन ठेवा, बाकी बारा घरी ठेवा.

म्हणजे ज्यांचं माझ्यावर प्रेम ते उपयोगाचे नाहीत, आणि ज्यानं माझ्यावर अविश्वास दाखवला त्याच्या दारात जाऊन म्हणायचं, काका, तुम्ही मला चोर समजला ते जरा कोर्टात येऊन सांगता का. रद्द झालेल्या पाचातल्या चौघांनी सरळ हात झटकले, "पोराला शूजच पायजे झाले" म्हणाले. पाचवे उत्तरेश्वर पेठेतले, मुलाचं लग्न होतं, ते मात्र स्पष्ट म्हणाले, "व्हय, वाचलं म्हणूनच रद्द केली, आणि येतो की सांगायला." अवघडल्यासारखं दोघांनाही झालं पण माणूस खरा.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकतो, त्यानं फोनवर सांगितलेलं, मामा इकडं तर नावाला गंभीर हानी झाली हे दाखवल्याशिवाय कोर्टाचं दारच उघडत नाही. ते मॅडमना विचारलं, त्यांनी ते पण समजावलं, जादा फी न घेता. तिथं डिफेमेशन ॲक्ट २०१३ आहे, १ जानेवारी २०१४ पासनं लागू, त्याचं पहिलंच कलम म्हणतं की नावाला गंभीर हानी झालेली नसंल किंवा व्हायची शक्यता नसंल तर ते विधान बदनामीकारकच धरायचं नाही. आणि नफ्यासाठी चालणारी कंपनी-संस्था असंल तर तिला गंभीर आर्थिक तोटा दाखवावा लागतो. मग प्रश्न आला, गंभीर हानी शब्दांवरनं ठरवायची का प्रत्यक्षात काय झालं त्यावरनं? ते सुटलं २०१९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टात, ब्रुनो लाशो नावाचा फ्रेंच इंजिनिअर, दुबईकडं राहणारा, बायकोशी भांडण, इंग्लिश पेपरांनी त्याच्याबद्दल वाईटसाईट छापलेलं. कोर्टानं सांगितलं नुसते शब्द किती वाईट ते बघून भागणार नाही, त्यांचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला ही वस्तुस्थिती म्हणून सिद्ध करायची. पण त्याला साक्षीदारांची रांग लावायला लागली नाही हां. पेपर किती खपतात, आरोप किती गंभीर, तिथं त्याला ओळखणारी माणसं आहेत, पुढं भेटणारीपण असतील, ह्यावरनं अंदाज काढून कोर्टानं हानी झाली असं धरलं, आणि तो जिंकला.

मला हे लई पटलं. चौघांनी शूजचं कारण सांगितलं म्हणून त्यांनी वाचलं नाही असं थोडंच आहे. खरं बोलून तोंडावर वाईट व्हायला कुणालाच नको असतं, ते कोर्टाला पण कळतं म्हणायचं.

ट्विटरवरची पण एक केस सांगितली, जॅक मन्रो विरुद्ध केटी हॉपकिन्स, २०१७ चा निकाल. युद्धस्मारकाच्या विटंबनेवरनं दोन ट्विट, पहिलं तर काही तासांत काढलेलंसुद्धा, तरी २४ हजार पाउंड बसले. आणि उलट बाजूची, २०१४ ची, संडे मिरर पेपरनं एका घरबांधणी संस्थेबद्दल आणि तिच्या मुख्य अधिकाऱ्याबद्दल छापलं पण लगेच माफीपण छापली, तर कोर्ट म्हणालं गंभीर हानी उरलीच नाही. ही दुसरी ध्यानात ठेवा, मॅडमनी ती उगाच सांगितली नव्हती.

आपल्याकडं असा उंबरठा कायद्यात लिहिलेला नाही. फौजदारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, आधीचं आयपीसीचं ४९९-५००, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. त्यात नुकसान प्रत्यक्ष झालंच पायजे असं नाही, नावाला धक्का द्यायचा इरादा होता किंवा धक्का बसंल हे माहीत होतं एवढ्यावर केस उभी राहते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की दुसऱ्यांच्या नजरेत चारित्र्य, धंदा, पत वगैरे उतरली नाही तर ती बदनामी नाही, म्हणजे फिरून गाडी दुसऱ्यांच्या नजरेवरच. पोलीस एफआयआर घेत नाहीत, अदखलपात्र आहे, स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार द्यायची, आणि नव्या कायद्यानं दखल घ्यायच्या आधी समोरच्याचंपण ऐकून घेतात. मुदत तीन वर्षं. दिवाणी दाव्याला मात्र एकच वर्ष, लोक ह्यातच मार खातात, ताव खाऊन दोन वर्षं काढतात आणि मग येतात. आणि जेवढी रक्कम मागाल त्या हिशेबानं कोर्ट फी आधी भरायची. ५० लाखाची फी ज्युनिअरनं कॅल्क्युलेटरवर मांडून दाखवली, मी म्हटलं बंद करा तो.

आता शेवटचा प्रश्न, जो खरंतर पहिला असायला पायजे होता. "दादा, दुकानात रेक्झिनची चप्पल आहे का?"

आहे. बाहेरच्या रॅकला, ३५० रुपयेवाली, पर्यटक पोरंपोरी फोटो काढायला घेतात. विचारलं तर आम्ही सांगतो रेक्झिन आहे, पण न विचारणाऱ्याला कोण सांगतंय. आणि वर बोर्डावर काय? "अस्सल चामडी कोल्हापुरी." आणि बिलावर काय? "चप्पल १ जोड." मॅडम बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हटल्या दिवाणीत खरं बोलणं हा पूर्ण बचाव आहे, फौजदारीत खरं अधिक लोकहित. तुमच्याच दुकानात रेक्झिन निघाली तर "चामड्याची म्हणून विकली" एवढ्याच मधल्या शब्दांवर केस लटकणार, आणि तुमचं बिल त्याला मदत करणार. मी म्हटलं पण आमचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं, पाण्यात टाकून बघा, वास घेऊन बघा! म्हटल्या चामड्याची चप्पल चामड्याची आहे ह्याबद्दल वाद नाही दादा, बिलाबद्दल आहे.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. १५०० देऊन आपलीच उलटतपासणी. पण परत येताना गाडीपर्यंत चालत गेलो तेवढ्यात उतरला, कारण हाच प्रश्न कोर्टात चार माणसांत आला असता तर?

शेवटी केलं काय तर नोटीस, ६००० रुपये. ५० लाखाचा आकडा त्यात नाही. तीन पिढ्यांचा फसवा धंदा हे कशाच्या जोरावर लिहिलं ते सांगा, पोस्ट काढा, आणि ज्या ज्या ग्रुपवर टाकली त्याच ग्रुपवर खुलासा टाका. आमच्या रेक्झिनच्या मालाबद्दल नोटिशीत अवाक्षर खोटं लिहिलं नाही, मॅडम म्हटल्या मी लिहिणारच नाही. अकराव्या दिवशी त्या माणसाचा फोन आला ज्युनिअरला, त्याच्या पाहुण्यानं बाहेरच्या रॅकवरची घेतलेली, पंधरा दिवसात सोल सुटला, म्हणून तापलेला. पोस्ट काढून टाकली. खुलासा पेठेच्या आणि तालमीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर नाही आला कारण तो त्या ग्रुपमध्ये नाहीच, तिथं दुसऱ्यानंच फॉरवर्ड केलेलं. ते तसंच राहिलं. मी स्वतः टाकला तर कोण वाचणार.

दावा अजून लावलेला नाही, मुदत जून २०२६ पर्यंत आहे. मॅडमचं मत, त्या संडे मिररसारखं आता खुलासा आला म्हणजे भरपाईचा आकडापण खाली येणार, विचार करून ठरवा. सर्टिफिकेट मात्र करून ठेवलंय, वहीची झेरॉक्स पण, आणि उत्तरेश्वरच्या काकांचं म्हणणं ज्युनिअरनं लिहून घेतलंय.

स्टार कापला तो दीड तास बसवलं त्याचा, आणि फोन पहिल्या रिंगला कधीच उचलत नाहीत त्याचा पण. बाकी भाव ठीक, चहा चांगला, गोड गोड बोलणं नाही. ज्यांना नुसतं "खेचू या त्याला" ऐकायचंय त्यांनी जाऊ नये, कट्ट्यावर तसले वकील फुकट मिळतात. जाताना गल्ल्याचा हिशेब, ऑर्डरीची वही आणि बिलबुक तिन्ही न्या, स्क्रीनशॉट ज्याच्या मोबाईलमधला आहे तो माणूस पण न्या.

बिलबुक मी नवीन छापून घेतलंय, त्यात दोन चौकोन आहेत, चामडं आणि रेक्झिन, टिक करायची. बाहेरच्या रॅकला पाटी लावलीय. तात्यांनी ती स्वतः रंगवली, रेक्झिन मधला र जरा जास्तच मोठा काढलाय.